ओझे आणि माणूस



गागोदे बुद्रुक हे विनोबांचे जन्मगाव. ११ सप्टेंबर १८९५ रोजी ते येथे जन्मले. तेव्हा या गावी श्रमाविषयी बोलताना प्रथम त्यांचे स्मरण होणे स्वाभाविक आहे. शरीरश्रम हे आश्रमाच्या एकादश व्रतांपैकी एक, आणि विनोबांनी ते आचरून दाखविले. परंतु श्रमाची थोरवी गाणारे आपण श्रम करणाऱ्याच्या कंबरेची काळजी कितपत वाहतो?

भाताचा भारा उचलताना किंवा पेठेत पोते उतरवताना एखाद्याची कंबर धरली, की आपण म्हणतो, ‘त्याची उचलण्याची रीत चुकली.’ रीतीला महत्त्व आहे खरे. तराजूची दांडी डोळ्यांपुढे आणा. पाठीचे स्नायू कण्यापासून सुमारे ५ सेंटिमीटरवर ओढ घेतात. २० किलोचे ओझे हात लांबवून ५० सेंटिमीटरवर धरले, तर त्या स्नायूंना दसपट, म्हणजे २०० किलोंइतका जोर लावावा लागतो. म्हणून वाट आधी पाहून घ्यावी, ओझ्याजवळ जावे, गुडघे वाकवावे, ओझे अंगाशी धरावे. आणि वळताना कंबर पिळू नये, पावले वळवावी.

पण क्विंटलभर पोत्यापुढे ही रीत लंगडी पडते. १९६७ साली आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेने प्रौढ पुरुषासाठी ५५ किलोंच्या मर्यादेची शिफारस केली. १९९१ साली अमेरिकेतील सरकारी संशोधकांनी तर, सारी परिस्थिती अनुकूल असली तरी, दोन हातांनी उचलण्यास २३ किलोच योग्य धरले. आपल्या पेठांत मात्र शंभर किलोंची पोती माणसांच्या पाठीवरून वर्षानुवर्षे वाहिली गेली. अण्णासाहेब पाटलांनी माथाडींना संघटित केले, १९६९ साली माथाडी कायदा झाला, आणि हमालाच्या मजुरीला व भविष्यनिर्वाह निधीला आधार मिळाला. ही मोठीच मजल होय. पुढे सरकारी धान्याचे पोते ५० किलोंवर आले. तरी तेही २३ च्या दुपटीहून अधिकच.

आमचे म्हणणे इतकेच, की ओझे माणसाला बेतून भरावे; माणसाला ओझ्यासाठी बेतू नये. आपल्यापैकी कुणी दुकानदार असतील, कुणी घर बांधीत असतील. त्यांनी माल लहान पोत्यांत मागवावा, दारी हातगाडी ठेवावी, आणि जड वस्तूसाठी दुसऱ्या गड्याची मजुरी देताना कुरकुर करू नये. तेवढ्या पैशात एका घरचा कर्ता माणूस उभा राहतो.