उकिरड्याला तळ आणि छप्पर

पाण्याच्या प्रदूषणाचा विषय निघाला की आपण शहरांचे सांडपाणी आणि कारखाने यांच्याकडे बोट दाखवतो. मोठ्या नद्यांपुरते ते योग्यच आहे. पण गावच्या विहिरीत नायट्रेट कुठून उतरते याचा माग काढला, तर तो बहुधा रासायनिक खत टाकलेल्या रानात, नाहीतर जवळच्या उकिरड्यात पोचतो. भारतीय मानकानुसार पिण्याच्या पाण्यात लिटरमागे ४५ मिलिग्रॅमपेक्षा जास्त नायट्रेट नसावे. ते वाढले तर तान्ह्या मुलांच्या रक्ताची प्राणवायू वाहून नेण्याची शक्ती घटते, आणि पाणी उकळून ते जात नाही. माझे म्हणणे असे, की विहीर बिघडवणारे नत्र आणि शेतकऱ्याच्या खतातून घटणारे नत्र एकच आहे. म्हणून शेणमूत्राची साठवण हा स्वच्छतेइतकाच शेतीच्या हिशेबाचा प्रश्न आहे.

शेण रोज पडते, पण शेताला खत हवे असते पेरणीआधी. मधल्या काळात ढीग उघड्यावर राहतो, आणि त्यात पावसाळ्याचे चार महिने येतात. जनावराने बाहेर टाकलेल्या नत्राचा सुमारे निम्मा वाटा मूत्रात असतो, आणि आपण नेमके तेच वाहू देतो. ढिगातून झिरपणारे काळे पाणी मुरमाड जमिनीत आणि कोकणच्या जांभ्यात लवकर खाली उतरते. काळ्या रानात ते उताराने ओढा गाठते. त्यावर उपाय साधा आहे: पाणी न मुरणारा तळ, मूत्राची टाकी आणि वर छप्पर. पुसदच्या नारायणराव पांढरीपांडे यांची नाडेप पद्धत याच दिशेची आहे. विटांच्या टाकीत थोडे शेण, पुष्कळ काडीकचरा आणि माती यांचे थर द्यायचे आणि वरून शेणमातीने लिंपायचे, म्हणजे ओल आणि नत्र दोन्ही टिकतात.

उकिरडे तर पिढ्यान्‌पिढ्या होते, मग आताच ही ओरड का, असे कोणी विचारेल. पूर्वी दावणीला गुरे मोजकी असत आणि मातीच्या जमिनीवर अंथरलेला पालापाचोळा मूत्र शोषून घेई. आता संकरित गाईंच्या गोठ्यात फरशी आली, ती पाण्याने धुतली जाते, आणि ते पाणी थेट गटाराला लागते. गोबरगॅसने हा प्रश्न सुटतो, असेही काही जण म्हणतात. गॅस निघून जातो, नत्र मात्र स्लरीत उरते. तीही साठवावीच लागते. खर्चाचा आक्षेप अधिक खरा आहे. अनुदानामुळे युरियाची ४५ किलोची गोणी २६६ रुपये ५० पैशांना मिळत असताना, मूत्रातले नत्र वाचवण्यासाठी कोणी सिमेंट का विकत घ्यावे? म्हणूनच हा भार एकट्या शेतकऱ्यावर टाकता येणार नाही. विहिरीचे पाणी साऱ्या गावाचे असेल, तर खर्चातही गावाचा वाटा हवा.

नुसती साठवणही पुरेशी नाही. युरोपीय समुदायाने १९९१ साली नायट्रेटविषयी निर्देश काढला. प्रदूषणाचा धोका असलेल्या भागांत जनावरांच्या खतातून हेक्टरी वर्षाला १७० किलोपर्यंतच नत्र देण्याची मर्यादा त्यात घातली, ठरावीक काळात खत पसरण्यास मनाई केली, आणि त्या काळात पुरेल एवढी साठवण बंधनकारक केली. थोडक्यात, टाकीचे माप गाई, जमीन आणि पावसाळा या तिन्हींवरून ठरते. आपल्याकडे रोजगार हमीतून पक्का गोठा आणि नाडेपची टाकी मंजूर होते. तो गोठा मंजूर करतानाच त्याचे धुवणपाणी कुठे जाणार, हे कागदावर दाखवण्याची अट ग्रामसभेने घालावी. यासाठी नवा कायदा लागत नाही, आणि मृग नक्षत्र लागायच्या आत सुरुवात करता येते.