टाइम्सने छापले म्हणजे



८ सप्टेंबर २००२. त्या रविवारी न्यूयॉर्क टाइम्सच्या पहिल्या पानावर मायकेल गॉर्डन आणि ज्युडिथ मिलर यांची बातमी होती. इराक ॲल्युमिनियमच्या हजारो खास नळ्या मिळवू पाहतो आहे आणि त्या अणुबॉम्बसाठी युरेनियम समृद्ध करण्याच्या कामी येतील, असा तिचा आशय. माहिती कोणाची? नाव न सांगणाऱ्या सरकारी अधिकाऱ्यांची.

त्याच सकाळी अमेरिकेचे उपाध्यक्ष डिक चेनी दूरचित्रवाणीवर आले आणि त्यांनी टाइम्सच्याच बातमीचा हवाला दिला! सरकारी कचेरीतून निघालेली गोष्ट वृत्तपत्राला वळसा घालून सरकारकडे परतली, ती पुरावा होऊन. दुसऱ्या वाहिनीवर राष्ट्रीय सुरक्षा सल्लागार कोंडोलिझा राइस अणुस्फोटाच्या ढगाबद्दल बोलत होत्या.

मोठ्या वृत्तपत्राचा दबदबा वाचकांपेक्षा इतर वृत्तपत्रांवर जास्त चालतो, असे मला वाटते. टाइम्सच्या पहिल्या पानावर काय येणार, याची यादी त्यांची वृत्तसेवा ग्राहक वृत्तपत्रांना आदल्या संध्याकाळीच पाठवत असे. मग वॉशिंग्टनमधल्या परदेशी वार्ताहरालाही मुख्यालयातून विचारणा होणारच: त्यांच्याकडे ही बातमी आहे, आपल्याकडे का नाही? या प्रश्नावर ‘कारण ती पटत नाही’ असे उत्तर द्यायला छाती लागते.

ती छाती नाइट रिडर या वृत्तपत्रसमूहाच्या वॉशिंग्टन कार्यालयाने दाखवली. जोनाथन लँडे आणि वॉरन स्ट्रोबेल बड्यांना सोडून खालच्या फळीतल्या जाणकारांना भेटत राहिले आणि इराकवरच्या युद्धाच्या समर्थनार्थ पुढे केलेल्या पुराव्यांवर शंका घेत राहिले. नळ्यांबाबत तर अमेरिकेच्या ऊर्जा खात्यातल्या तज्ज्ञांचेच मत वेगळे होते: त्या साध्या रॉकेटसाठी असाव्यात. पण या समूहाचे वॉशिंग्टनमध्ये वृत्तपत्र नव्हते, न्यूयॉर्कमध्येही नव्हते. सत्ताधाऱ्यांच्या न्याहारीच्या टेबलावर त्यांच्या बातम्या पोचणार कशा? समूहातल्या काही वृत्तपत्रांनीही त्या छापल्या नाहीत.

मार्च २००३ मध्ये युद्ध सुरू झाले. इराकमध्ये अण्वस्त्रे सापडली नाहीत. २६ मे २००४ रोजी टाइम्सने दहाव्या पानावर संपादकीय टिपण छापून आपले वार्तांकन पुरेसे काटेकोर नव्हते, हे मान्य केले. तेवढे तरी केले. पुष्कळांनी तेही केले नाही. टिपणात बातमीदारांची नावे मात्र नव्हती.

नाइट रिडर समूह २००६ मध्ये मॅक्लॅची कंपनीने विकत घेतला.