नाक्सोसचे घर आणि बहिणीची सही

(रौप्यमहोत्सवी वर्षानिमित्त झालेल्या ज्येष्ठ नागरिक मेळाव्यातील भाषण. स्मरणिकेसाठी थोडे आवरून लिहिले आहे.)



कार्यक्रमपत्रिकेत माझ्या नावापुढे 'प्रवासवर्णन' असे छापले आहे. ज्यांनी छापले त्यांचा हेतू चांगला होता. पण मी पडलो बँकेचा माणूस. निळा समुद्र, पांढरी घरे हे सगळे मी पाहिले, छान आहे. त्याचे फोटो आमच्या सौ.च्या मोबाईलमध्ये आहेत, चहाच्या वेळी बघा. मी बोलणार आहे ते सातबाऱ्याबद्दल. म्हणजे तिथल्या सातबाऱ्याबद्दल.

आमची मुलगी जर्मनीत स्टुटगार्टला असते, हे आपल्यापैकी बहुतेकांना माहीत आहे. जावई ग्रीक वंशाचे. १९६० साली जर्मनीने ग्रीसशी कामगार आणण्याचा करार केला, तेव्हा त्यांचे आजोबा कारखान्यात कामाला गेले आणि तिथलेच झाले. दोघांच्या मनात होते की पुढेमागे ग्रीसमध्ये स्वतःचे लहानसे घर असावे. बेट ठरले नाक्सोस. एजियन समुद्रात सिक्लाडीस नावाचा बेटांचा पुंजका आहे, त्यातले हे सर्वांत मोठे. अथेन्सजवळच्या पिरेअस बंदरातून बोटीने पाच-सहा तास लागतात. तिथे संगमरवर निघतो, बटाटा उत्तम होतो आणि बंदरात शिरताना टेकाडावर संगमरवराची एक प्रचंड चौकट उभी दिसते. इसवी सनापूर्वी सहाव्या शतकात अपोलोचे मंदिर बांधायला घेतले होते, ते राहिले अर्धे. मागे काही नाही, नुसता दरवाजा. ती पाहिल्यावर माझ्या मनात पहिला विचार आला तो असा, की याला कर्ज कोणी मंजूर केले असेल? (आमच्या सौ.नी तिथेच कोपर मारले.)

तर जमीन. तिथे जमीन 'स्त्रेम्मा'त मोजतात. एक स्त्रेम्मा म्हणजे १,००० चौरस मीटर. गावठाणाबाहेर घर बांधायचे तर साधारणपणे किमान चार स्त्रेम्मा जमीन लागते. आपला एकर ४,०४७ चौरस मीटरचा, म्हणजे जवळजवळ एक एकर, साडेएकोणचाळीस गुंठे. आणि एवढ्या जमिनीवर घर किती? दोनशे चौरस मीटरच्या आतच. आपल्याकडचा बिल्डर हे ऐकून आजारी पडेल. शिवाय जमीन वनखात्याच्या नकाशात येता कामा नये, पुरातत्त्व खात्याची परवानगी हवी आणि रस्ता हवा. रस्त्याचे प्रकरण तर गंभीरच. २०२३ मध्ये त्यांच्या सर्वोच्च प्रशासकीय न्यायालयाने निवाडा दिला, की जमिनीला नुसती पायवाट किंवा गाडीरस्ता लागून असून चालणार नाही, तो कायद्याने मान्य झालेला सार्वजनिक रस्ता हवा. बऱ्याच लोकांची बांधकामे त्यावर अडकली. आमच्या मंडळींचा परवाना आदल्या वर्षीच हातात आला होता, आणि त्यांचा रस्ता नगरपालिकेचा होता. दैव, दुसरे काय.

जमीन सापडली ती २०२१ मध्ये. गावाबाहेर उताराची, दगडी बांधांच्या पायऱ्या असलेली, पाच-सहा ऑलिव्हची झाडे, एक पडकी खोपी आणि समोर पारोस बेट. ४,२०० चौरस मीटर. विकणारे ऐंशीच्या घरातले गृहस्थ, त्याच गावचे. व्यवहार ठरला, इसारही दिला. इसाराला ग्रीकमध्ये जो शब्द आहे, त्याच शब्दाने साखरपुडाही ओळखला जातो, असे जावयांनी सांगितले. मला तो फार आवडला. दोन्हीकडे मोडले तर भांडण ठरलेले.

मग मुलीने व्हिडिओ कॉलवर सांगितले, "बाबा, कागद पाठवते, तुम्ही एकदा बघा." मी छत्तीस वर्षे बँकेत काढली, त्यातली निदान पंधरा गृहकर्जाच्या फायली बघण्यात. कागद म्हटल्यावर मला तरतरी येते. भाषांतर ती करून सांगायची, मी वहीत टिपून घ्यायचो.

आता एक गंमत ऐका. त्यांच्या जुन्या नोंदणी कार्यालयाचे नाव आहे 'इपोथिकोफिलाकिओ'. यातला 'इपोथिकी' म्हणजे गहाण. माझ्या डोक्यात ट्यूब पेटली, हे तर आपले 'हायपोथिकेशन'! आयुष्यभर लोकांचे ट्रॅक्टर, दुकानातला माल हायपोथिकेट करून घेतला, आणि तो शब्द मूळचा यांचा आहे हे सत्तरी ओलांडल्यावर कळले.

पण या कार्यालयाची एक मोठी खोड आहे. नोंदी जमिनीवार नाहीत, माणसावार आहेत. आपल्याकडे गट नंबर सांगितला की उतारा निघतो, त्यावर नावे येतात. तिथे उलटे. मालकाचे नाव माहीत असेल तर त्याच्या पानावर त्याचे व्यवहार दिसणार. नाव माहीत नसेल तर जमीन दिसणारच नाही. जुन्या दस्तात चतुःसीमा कशा, तर पूर्वेस अमक्याचे शेत, पश्चिमेस ओढा. तो अमका मरून साठ वर्षे झाली आणि ओढा कोरडा पडला. म्हणून १९९५ पासून त्यांनी देशभर नवी भूमापन नोंदणी सुरू केली आहे, 'क्तिमातोलोयिओ'. ऱ्होड्स आणि कोस बेटांवर मात्र इटालियनांच्या काळापासून जमिनीवार नोंद आहे. राज्यकर्ते परके होते, पण रेकॉर्ड नीट ठेवून गेले. आपल्याकडच्या जुन्या सर्व्हेची आठवण झाली.

तर आमच्या जमिनीचा दस्त पाहिला. विकणाऱ्या गृहस्थांच्या वडिलांची जमीन. वडील मृत्युपत्र न करता गेले. त्यांच्या कायद्यात वारसाने नोटरीपुढे वारसा स्वीकारल्याचा दस्त करून तो नोंदवावा लागतो, तेव्हा त्याचे नाव लागते. हा दस्त झालेलाच नव्हता. मग ते विकतात कशाच्या जोरावर? तर वीस वर्षांहून जास्त वहिवाट. तिथे वीस वर्षांच्या कब्जाने मालकी मिळते. आपल्याकडे मुदतीच्या कायद्यात बारा वर्षे आहेत. गावातले सगळे म्हणत होते, चालते असे, सगळ्या बेटावर असेच चालते.

मी विचारले, "याला भावंडे किती?"

मुलगी म्हणाली, "बाबा, तुम्ही आता बँकेत नाही."

मी म्हटले, "वंशावळ मागव."

तिथे नगरपालिका जवळच्या नातलगांचा दाखला देते. तो आला. दोन अपत्ये. एक हे गृहस्थ, आणि एक बहीण, मेलबर्नला. साठच्या दशकात ग्रीसमधून हजारो माणसे ऑस्ट्रेलियाला गेली, त्यांतली.

म्हाताऱ्यांनी लपवले नव्हते, हे आधी सांगतो. जावयांनी विचारले तेव्हा ते सरळ म्हणाले, "तिला गावातले घर मिळाले ना." हे मला नंतर समजले. एजियन बेटांवर जुनी रीत अशी, की घर मुलीला हुंड्यात द्यायचे. मुलगा शेत करणार, मुलगी घर घेणार. १९८३ साली त्यांनी हुंडा कायद्यातून काढून टाकला, पण माणसांच्या मनातला हिशेब तसाच राहतो. घर तिला, शेत मला, मिटले. सही कशाला?

मंडळी, मी जागच्या जागी वीस वर्षे मागे गेलो. सांगली जिल्ह्यातल्या एका शाखेत असताना अशीच फाईल माझ्यापुढे आली होती. भावाने घर तारण दिले, बहिणीचे हक्कसोडपत्र नव्हते. "तिचे लग्न थाटात केले साहेब, ती काही मागणार नाही." मी पास केली. तीन वर्षांनी बहिणीने दावा लावला. तिच्या नवऱ्याचा धंदा बसला होता, तिला पैशाची गरज पडली, तिचे काय चुकले? बँकेचे पैसे अडकले, माझ्या गोपनीय अहवालावर दोन ओळी आल्या. ते असू दे. कोर्टाच्या व्हरांड्यात ते बहीण-भाऊ एका बाकावर दोन टोकांना बसलेले मी पाहिले, ते अजून डोळ्यांसमोर आहे.

वहिवाटीचा मुद्दा म्हणाल तर सहवारसांमध्ये तो इतका सोपा नसतो. एक भाऊ जमीन कसतो तेव्हा तो सगळ्यांच्या वतीने कसतो असे धरतात. 'ही आता माझ्या एकट्याची' हे त्याने बाकीच्यांना कळवलेले असावे लागते. आपल्याकडेही तसेच, आणि ग्रीसमध्येही तसेच निघाले. जावयांनी स्वतःचा वकील केला, त्या बाईंनी माझा प्रश्न ऐकून विचारले म्हणे, "तुमचे सासरे वकील आहेत का?" एवढे कौतुक मला निवृत्तीच्या समारंभातही वाटले नव्हते.

पुढचे आठ महिने काही सुखाचे गेले नाहीत. म्हातारे गृहस्थ रागावले. इसार परत घ्या आणि जा म्हणाले. मुलगी माझ्यावर रागावली. दुसरे एक जर्मन जोडपे तीच जमीन बघून गेले होते, काही न विचारता पैसे द्यायला तयार होते. "बाबा, तुमच्या एका सहीपायी जमीन जाणार," हे वाक्य मी दोनदा ऐकले. खरे सांगतो, रात्री मलाही वाटायचे, की मी खोट शोधतोय ती कागदात आहे म्हणून, की मुलीने तिकडे कायमचे घर करू नये असे मला वाटते म्हणून? याचे उत्तर मी आजही छातीठोक देणार नाही.

शेवटी वकीलबाईंनी मेलबर्नला फोन लावला. बहीण म्हणाली, शेत विकताय हे मला कोणी सांगितलेच नाही. सही देते, पण माझा अर्धा वाटा द्या. भाऊ म्हणाला, घर घेतलेस ना. ती म्हणाली, घर आईचे होते, शेत वडिलांचे. हे फोनवर आठवडेच्या आठवडे चालले. मग एकदाचा तोडगा निघाला. तिने एक तृतीयांश घेतला आणि मेलबर्नच्या ग्रीक वकिलातीत जाऊन मुखत्यारपत्र करून दिले. दोघांनी वारसा स्वीकारल्याचे दस्त आधी झाले, मग खरेदीखत. नोटरीपुढे संपूर्ण दस्त मोठ्याने वाचून दाखवतात. आमच्या मुलीला ग्रीक येत नाही म्हणून दुभाषी बसवला, त्याचीही सही झाली. हस्तांतरण कर तीन टक्क्यांच्या किंचित वर, म्हणजे आपल्या मुद्रांक शुल्काच्या निम्म्याच्या आसपास. त्याआधी दोघांना तिथला कर क्रमांक काढावा लागला, 'आफिमी' म्हणतात त्याला, आपला पॅन. त्याशिवाय पान हलत नाही.

बांधकामाचे फार सांगत नाही. भूकंपाचा देश, १९५६ साली आमोर्गोस बेटाजवळ मोठा भूकंप होऊन सँतोरिनीतली कितीतरी घरे पडली. त्यामुळे आरसीसी सांगाडा आणि लोखंड भरपूर. बाहेरून दगड. पाया खणताना पुरातत्त्वाचा माणूस शेजारी उभा. चार खापरे निघाली, त्याने पिशवीत भरून नेली आणि काम पुढे चालू झाले. मजुरांच्या विम्याचे पैसे घरमालकाने भरायचे, आणि क्षेत्रफळावरून किती मजुरी-दिवस धरायचे ते सरकार ठरवते. कमी माणसे दाखवून चालत नाही. हे मला पटले. बांध मात्र जुनेच ठेवले. चुना-सिमेंट न वापरता नुसता दगडावर दगड बसवण्याची ही कला २०१८ मध्ये युनेस्कोच्या यादीत गेली आहे. ढासळलेला भाग दोन अल्बेनियन गवंड्यांनी इतका सुबक रचला, की मी खुर्ची टाकून बघत बसायचो. सपाट गच्चीचे पाणी जमिनीखालच्या हौदात जाते. उत्तरेला खिडक्या लहान, कारण उन्हाळ्यात 'मेल्तेमी' नावाचा वारा सुटतो. आम्ही गेल्या ऑगस्टमध्ये गेलो तेव्हा तीन दिवस बोटी बंद होत्या आणि सौ.चा वाळत घातलेला परकर पारोसच्या दिशेने गेला.

मघाशी कोणी विचारले, आपल्यालाही तिथे घेता येईल का? येईल. रिझर्व्ह बँकेच्या योजनेत निवासी भारतीयाला वर्षाला अडीच लाख डॉलरपर्यंत बाहेर पाठवता येतात. मीही मुलीला थोडे भेट म्हणून त्यातूनच पाठवले, ए-टू फॉर्म भरून. पण तुर्कस्तानाजवळची बेटे, शिवाय सँतोरिनी, ही सीमावर्ती धरली जातात. युरोपीय संघाबाहेरच्या माणसाला तिथे वेगळी परवानगी लागते. आमच्या मुलीचा पासपोर्ट अजून भारतीय आहे, नाक्सोस त्या यादीत नाही म्हणून निभावले. आणि घर घेऊन राहण्याचा परवाना मिळवायचा म्हणाल, तर सप्टेंबर २०२४ पासून अशा मोठ्या बेटांवर त्यासाठी आठ लाख युरो गुंतवावे लागतात. तेव्हा आपला बी-विंग बरा.

आता शेवटचे. घर पाहून आम्ही परत आलो. मी कपाटातून माझे मृत्युपत्र काढले. २०१९ साली केलेले. त्यात हा फ्लॅट संपूर्ण मुलाच्या नावे आहे. तो इथे पुण्यात आहे, आमचे तोच बघतो. वाचून झाल्यावर मी सौ.ला म्हणालो, "बरेच झाले. आता तर मुलीला तिकडे घरही झाले."

ती भाजी निवडत होती. वर न बघता म्हणाली, "तो म्हाताराही हेच म्हणत होता."

चार दिवस मी त्या मृत्युपत्राला हात लावला नाही. मग मुलाला बोलावून सांगितले. तो काही बोलला नाही. पुढे आठ-दहा दिवसही फारसा बोलला नाही. त्याची बाजू मला कळते. गुडघ्याच्या ऑपरेशनला रात्रभर तोच बसला होता. मुलीला सांगितले तर ती म्हणाली, "मला नको, मी हक्क सोडते, कुठे सही करू ते सांगा." मी म्हटले, सोडायचा असेल तर माझ्यामागे सोड, आधी मिळू तर दे. नवे मृत्युपत्र नोंदवले आहे. दोघांना निम्मे-निम्मे, आणि सौ. आहे तोवर तिला राहण्याचा पूर्ण हक्क.

सोसायटीच्या नामनिर्देशनाच्या फॉर्मवरही आता दोघांची नावे घातली आहेत. नामनिर्देशित म्हणजे मालक नव्हे, हे आपल्याकडे अजून अनेकांना ठाऊक नाही, त्यावर पुढच्या मेळाव्यात बोलेन. फॉर्म मी दोन प्रतींत सेक्रेटरींकडे दिला आहे. समोरच बसले आहेत. महिना होऊन गेला, अजून पोच मिळालेली नाही.