वायुवाहनाचा पल्ला आणि कुटुंबाची सुरक्षितता
(मंडळाच्या वार्षिक संमेलनात दिलेले व्याख्यान)



आजच्या व्याख्यानाचा विषय काहींना रुक्ष वाटेल. परंतु आपल्या ज्ञातीतील कित्येक कुटुंबांची उपजीविका रिक्षा व टॅक्सी यांवर चालते, आणि गणेशोत्सवात कोकणची वाट धरणाऱ्या घरच्या गाड्यांतही आता सीएनजीवर चालणाऱ्या गाड्यांचा भरणा मोठा आहे. त्यातच काही तरुण मंडळींनी कार्यकारिणीपुढे अशी सूचना मांडली आहे की, जुन्या टाक्या एकगठ्ठा स्वस्तात घेऊन सभासदांच्या गाड्यांस दुसरी टाकी बसवून द्यावी. सूचनेमागील हेतू निर्मळ आहे. तथापि तिचा विचार शांतपणे व्हावा, एवढ्यासाठीच आम्ही आज उभे आहोत.

प्रथम अडचण समजून घेऊ. हा वायू म्हणजे मुख्यत्वे मिथेन होय. तो पेट्रोलप्रमाणे द्रवरूपात साठवलेला नसून दाबून भरलेला असतो. म्हणून जागा फार व्यापतो. पाण्याच्या मापाने ६० लिटरची टाकी घेतली, तर तिच्यात सुमारे ९ किलो वायू मावतो. किलोमागे २५ किलोमीटर धरल्यास पल्ला सव्वादोनशे किलोमीटरांचा होतो. मुंबईहून रत्नागिरी गाठावयाची तर अंतर तीनशेच्या वर जाते. मध्येच पंपावर लांब रांग लागलेली, मागे मुले कंटाळलेली. अशा वेळी दुसऱ्या टाकीचा मोह पडणे स्वाभाविक आहे.

परंतु त्या टाकीत काय कोंडलेले असते? वायूचा दाब २०० बार, म्हणजे प्रत्येक चौरस सेंटिमीटरावर सुमारे २०० किलोंचा भार! मोटारीच्या चाकातील हवेच्या दाबाची ही जवळजवळ शंभरपट झाली. आतून गंजलेली, कोठे चीर गेलेली अथवा मुळात दुसऱ्याच वायूसाठी बनविलेली टाकी हा भार किती दिवस सोशील, हे बाहेरून पाहून कोणासही सांगता येणार नाही. स्वयंपाकाच्या गॅसची टाकी तर याहून कितीतरी कमी दाबासाठी घडविलेली असते. तिच्यात सीएनजी भरणे म्हणजे मृत्यूस आमंत्रण होय.

यासाठीच कायद्याने बंधने घातली आहेत. टाकी मान्यताप्राप्त असावी लागते, किट अधिकृत केंद्रातच बसवावे लागते, त्याची नोंद परिवहन कार्यालयाकडून गाडीच्या नोंदणीपुस्तकात करून घ्यावी लागते आणि दर ३ वर्षांनी टाकीची पाण्याच्या दाबाखाली परीक्षा, जिला आपण हायड्रो टेस्ट म्हणतो, ती करावी लागते. बंधूंनो, हा केवळ कागदांचा जाच नव्हे. आपल्या मागच्या आसनावर बसलेल्या माणसांच्या जिवाची ती हमी आहे.

दुसरी टाकी सर्वस्वी वर्ज्य आहे, असे मात्र आमचे म्हणणे नाही. टाटांनी २०२३ साली आपल्या आल्ट्रोझ गाडीत एका मोठ्या टाकीऐवजी ३० लिटरच्या दोन टाक्या डिकीच्या तळाशी बसविल्या. पण त्या योजनेत गाडीची रचना आधी आणि टाकी मागाहून, असे झाले नाही. दोहोंचा विचार एकत्र झाला. ६० लिटरची पोलादी टाकी रिकामीच पन्नास किलोंच्या घरात जाते. हा बोजा मागे लादला की ब्रेक, स्प्रिंगा व चाके यांचा हिशेब बदलतो.

मग पल्ला वाढवावा कसा? उपाय साधे आहेत व बिनखर्चाचे आहेत. ताशी ८० ऐवजी १०० च्या वेगाने गेल्यास हवेचा विरोध दीडपटीहून अधिक होतो. म्हणून वेग मध्यम व एकसारखा ठेवावा. चाकांत हवा पुरेशी असावी, हवेची गाळणी स्वच्छ असावी, प्लग वेळेवर बदलावे, टपावरील कॅरियर नको असेल तेव्हा उतरवून ठेवावा. भराभर भरताना वायू तापतो आणि निवल्यावर काट्यावरील दाब उतरतो. शिवाय गर्दीच्या वेळी पंपावरील साठ्याचा दाबही कमी पडतो. म्हणून शक्य तर गर्दी टाळून पहाटे भरावे. मात्र ‘थोडा जास्त दाबून भर’ असा आग्रह पंपावरील माणसास कदापि करू नये. गाडी पेट्रोलवरही चालणारी असल्यास पेट्रोलची टाकी कधी कोरडी पडू देऊ नये. तो आपला हक्काचा राखीव पल्ला आहे, आणि तिच्यातील पंपास थंडावाही त्या पेट्रोलनेच मिळतो.

वायू भरताना सर्वांनी खाली उतरावे. आजींनाही हात देऊन उतरवावे, त्यात आळस करू नये. मिथेन स्वतः गंधहीन आहे. गळती कळावी म्हणूनच त्यात उग्र वास मिसळतात. तो वास आला की इंजिन बंद करावे, दारे उघडावी, टाकीवरील झडप बंद करावी, काडी ओढू नये आणि माणसांस दूर न्यावे. वायू हवेहून हलका असल्याने मोकळ्यावर तो वर निघून जातो. बंद गॅरेजात मात्र छताशी साचतो.

आता आमची विनंती. जुन्या टाक्यांसाठी जी रक्कम मंडळ घालणार, तीच ज्या सभासदांची हायड्रो टेस्ट पैशांअभावी रखडली आहे, त्यांस बिनव्याजी उसनी द्यावी. टेस्टसाठी रिक्षा उभी राहिली की त्या दिवसाची कमाई बुडते, हे आम्ही जाणतो. तेवढा भार आपण सर्वांनी मिळून उचलावा. पन्नास किलोमीटर अधिक धावलेल्या गाडीचे कौतुक दोन दिवस टिकते. परंतु गणपतीला निघालेले कुटुंब सुखरूप घरी परतले, यापरते दुसरे कोणते समाधान मंडळास हवे?