नाबोथचा मळा आणि नगराचे पंच



ज्या एलियाहू हन्नाबींचे नाव घेऊन आपण मलिद्याचे ताट मांडतो, त्यांच्या चरित्रातील एक प्रसंग आज मी आपणापुढे ठेवणार आहे. तो जमिनीच्या अदलाबदलीचा आहे. या देशात आपल्या दारी कौन्सिलची पत्रे येतात. कोणती जागा कोणाला देऊन बदल्यात दुसरी घ्यावी, कोणत्या मोकळ्या जागेवर घरे उठू द्यावीत, याविषयी त्यांत विचारणा असते. आपण ती वाचतो आणि बाजूला ठेवतो. असे करणे आपल्याला शोभते काय, एवढाच माझा प्रश्न आहे.

राजांच्या पहिल्या पुस्तकातील 21वा अध्याय आपणांस ठाऊक आहे. इज्रेल गावी अहाब राजाच्या वाड्याला लागून नाबोथचा द्राक्षमळा होता. राजाला तेथे भाजीचा मळा करावयाचा होता. त्याने नाबोथला याहून चांगला मळा, अथवा रोख मोल, देऊ केले. आजच्या भाषेत सांगावयाचे तर ही जमिनीची अदलाबदल होती आणि जमिनीच्या वापरातील बदलही. ध्यानात घ्या, येथवर राजाने कोणतेही पाप केलेले नाही. मागणे हा गुन्हा नव्हे. वडिलोपार्जित वतन देणार नाही, असे नाबोथने सांगितले, तोही त्याचा अधिकारच होता.

पाप घडले ते पुढे. ईजबेल राणीने नगरातील वडिलांना व प्रतिष्ठितांना राजाच्या मोहरेची पत्रे धाडली. त्यांनी उपासाची दवंडी पिटली, सभा भरविली, दोन खोटे साक्षी उभे केले आणि नाबोथला दगडमार करविला. सभा होती, पंच होते, साक्षीही होते. बाह्य विधीत काहीच उणे नव्हते. उणे होते ते एवढेच, की निकाल आधीच ठरलेला होता आणि पंचांपैकी एकानेही तोंड उघडले नाही. एलियाहू हन्नाबी त्याच मळ्यात राजासमोर जाऊन उभे राहिले, ते याचा जाब विचारण्यासाठी.

म्हणजे आपले शास्त्र अदलाबदलीच्या विरुद्ध आहे काय? मुळीच नाही. मेगिल्ला प्रकरणाच्या तिसऱ्या अध्यायात मिश्ना सांगते की गावाचा चौक विकला तर त्या पैशांतून सिनेगॉग घ्यावे, सिनेगॉग विकले तर तोरा ठेवण्याचा कोश घ्यावा. पायरी वर चढावी, खाली उतरू नये. तालमूद पुढे म्हणते की गावातील सात भल्या माणसांनी, सर्व गावकऱ्यांसमक्ष, व्यवहार केला असेल तर त्या पैशांवर हे बंधन उरत नाही. आणि तेथेच एक मत असेही दिले आहे, की मोठ्या नगरातील सिनेगॉग विकताच येत नाही; कारण तेथे जगभरचे लोक येतात, ते साऱ्यांचे आहे.

आपल्या पूर्वजांनीही स्थलांतर केले. सॅम्युएल दिवेकर यांनी 1796 साली मुंबईत बांधलेले आपले पहिले सिनेगॉग 1860 मध्ये आजच्या जागी आले. जागा बदलली, जमात राहिली.

आता लंडनकडे वळू. येथील स्पॅनिश व पोर्तुगीज यहुदी मंडळींनी दोन्ही प्रकारचे प्रसंग अनुभवले आहेत. माइल एंड येथे त्यांची 1733 मधील दफनभूमी आहे. शेजारच्या क्वीन मेरी कॉलेजला विस्तारासाठी जागा हवी होती. 1970च्या दशकात तिचा मोठा भाग कॉलेजला विकण्यात आला, त्यासाठी संसदेने 1973 मध्ये खास कायदा केला, आणि सुमारे 7,500 जणांचे अवशेष एसेक्समधील ब्रेंटवूड येथे नेऊन पुन्हा पुरले गेले. आज तेथे सुमारे 2,000 कबरी विद्यार्थ्यांच्या वर्गांमध्ये वेढलेल्या आहेत. यास मी दोष देत नाही. परंतु एकदा हललेली कबर पुन्हा मूळ जागी जात नाही, हे तेथे उभे राहिल्यावर कळते.

त्याच मंडळींचे बेव्हिस मार्क्स सिनेगॉग 1701 चे. त्याच्या शेजारी 48 मजली मनोरा उभारण्याचा प्रस्ताव आला. अधिकाऱ्यांची शिफारस मंजुरीची होती. तरीही ऑक्टोबर 2021 मध्ये सिटी ऑफ लंडनच्या नियोजन समितीने तो 14 विरुद्ध 7 मतांनी फेटाळला. पुढे 43 मजल्यांचा प्रस्ताव आला, त्याबरोबर सार्वजनिक हिताच्या सोयीही देऊ केल्या होत्या. डिसेंबर 2024 मध्ये समितीने तोही नाकारला. मंडळींनी नुसता भावनेचा आक्रोश केला नाही. सिनेगॉगात दिवसाचा प्रकाश किती येईल, आणि अंगणातून चंद्र दिसेल की नाही, हे त्यांनी मांडले. कारण नव्या चंद्राचा आशीर्वाद चंद्र पाहूनच म्हणावयाचा असतो. आपली श्रद्धा त्यांनी समितीला मोजता येईल अशा शब्दांत सांगितली.

या देशाचा कायदा वाटतो तितका परका नाही. बांधकामाच्या अर्जावर मत देण्यास साधारणपणे किमान 21 दिवस मिळतात. इंग्लंड व वेल्समध्ये कौन्सिलला सार्वजनिक मोकळी जागा द्यावयाची असेल, तर स्थानिक वृत्तपत्रात सलग दोन आठवडे सूचना छापून हरकती विचारात घ्याव्या लागतात. घराची किंमत घटेल, ही हरकत चालत नाही; प्रकाश, रहदारी, जुन्या वास्तूची शान यांवरील हरकत चालते. सात भल्या माणसांनी गावासमक्ष निर्णय घ्यावा, याचेच हे रूप आहे. परंतु गाव हजर नसेल तर 'गावासमक्ष' या शब्दाला अर्थ काय?

आणि एक सावधगिरी. घरे लोकांना हवीच आहेत. कधी आपणच बांधकामाची परवानगी मागू आणि शेजारी हरकत घेतील. तेव्हा त्यांचे ऐकण्याची तयारी आपलीही असावी. तोरा आपल्याला खरा तराजू, खरी वजने ठेवण्यास सांगते. ती केवळ दुकानापुरती नाहीत.

इज्रेलच्या वडिलांची नावे ग्रंथात लिहिलेली नाहीत. त्यांचे मौन मात्र लिहिले गेले. पुढील वेळी पत्र येईल तेव्हा ते बाजूला ठेवण्यापूर्वी आपण नाबोथला आठवावे, आणि मुदतीच्या आत दोन ओळी लिहाव्यात, हीच माझी विनंती.

आपल्या वचनांत सत्य आणि आपल्या घरांत शांती नांदो. आमेन.