शंभर मीटरच्या पुढे



आत्ता कुरुंद्याच्या मुलामुलींना शंभर-दोनशे मीटरच्या शर्यतींची बक्षिसं दिली. जिंकलेल्यांचं मनापासून कौतुक. पण माझं लक्ष शंभर मीटरला शेवटी आलेल्या पोराकडे आहे. पंधरा-सोळा सेकंदांत आपण ठरवून टाकतो, याच्या पायात दम नाही. अहो, त्याला तीन हजार मीटर पळवून कुणी पाहिलंय?

बीड जिल्ह्यात आष्टी तालुक्यात मांडवा गाव आहे. तिथल्या शेतकऱ्याचा मुलगा अविनाश साबळे. शाळा सहा किलोमीटर लांब, रोज पायी जाणं-येणं. बारावीनंतर तो महार रेजिमेंटमध्ये भरती झाला, सियाचीनला राहिला. सैन्यातल्या क्रॉस कंट्रीत तो पळू लागला ते 2015 साली, विशी गाठल्यावर! पुढे त्याला आपली शर्यत सापडली: तीन हजार मीटर स्टीपलचेस. 28 वेळा लाकडी अडथळा ओलांडायचा आणि सात वेळा पाण्याचा. पाण्यापाशी धावपटू एक पाय आडव्या फळीवर रोवतो, अंग पुढे झोकून देतो आणि खड्ड्याच्या उथळ टोकाला एका पायावर उतरतो. बूट भिजून जड होतात, तरी लय सोडायची नाही. 2022 मध्ये बर्मिंगहॅमच्या राष्ट्रकुल स्पर्धेत अविनाशनं 8 मिनिटं 11.20 सेकंदांत रौप्यपदक घेतलं. सुवर्ण हुकलं ते सेकंदाच्या पाच शतांशानं. त्याच वर्षी पाच हजार मीटरचा तीस वर्षांचा जुना राष्ट्रीय विक्रमही त्यानं मोडला.

आपल्याकडे पहाटे रस्त्यावर भरतीची पोरं पळतात, सोळाशे मीटरसाठी. पळा, नोकरी मिळवा. पण भरती झाली की पळणं सुटतं, नाही झाली तरी सुटतं, याचं मला फार वाईट वाटतं. सोळाशेच्या पुढे केवढं पडलंय! पाच हजार म्हणजे ट्रॅकच्या साडेबारा फेऱ्या, दहा हजार म्हणजे पंचवीस. क्रॉस कंट्रीला ट्रॅकच नसतो. ढेकळं, चढ, चिखल, म्हणजे आपलं रोजचंच. अर्धमॅरेथॉन 21 किलोमीटरच्या थोडी वर, पूर्ण मॅरेथॉन 42.195. दक्षिण आफ्रिकेतली कॉम्रेड्स तर नव्वदच्या आसपास जाते. शाळकरी वयात मॅरेथॉनच्या नादी लागू नका, अठरा पूर्ण होऊ द्या. तोवर तीन हजार, पाच हजार पुष्कळ झालं.

आणि पालकांनो, मुलींना आठशे मीटरवर थांबवू नका. ऑलिंपिकनं बायकांना मॅरेथॉन पळू दिली ती थेट 1984 साली; तो उशीर आपण घरात का चालू ठेवायचा? नाशिक जिल्ह्यातल्या सावरपाड्याच्या कविता राऊतनं 2010 च्या दिल्ली राष्ट्रकुल स्पर्धेत दहा हजार मीटरला कांस्य मिळवलं. साताऱ्याच्या माण तालुक्यातल्या मोहीची ललिता बाबर 2016 ला रिओ ऑलिंपिकमध्ये स्टीपलचेसच्या अंतिम फेरीत धावली.

लांब पल्ल्याचा गडी ओळखायचा कसा? पहिल्या फेरीत तो मागेच असतो. बाकीचे छाती फुटेस्तोवर सुटतात आणि चौथ्या फेरीला कंबरेवर हात ठेवून चालू लागतात. याचा श्वास मात्र एका तालात असतो, आणि तेव्हा तो एकेकाला मागे टाकू लागतो.

क्रीडाशिक्षकांना माझी एकच विनंती. पुढच्या वर्षी मुलामुलींसाठी तीन हजार मीटर ठेवा. चुन्यानं दोनशे मीटरची फेरी आखली की पंधरा फेऱ्या होतात. फेऱ्या मोजायला प्रत्येकामागे एक विद्यार्थी वही घेऊन उभा करा, आणि शेवटचा पोरगा पोहोचेपर्यंत घड्याळ बंद करू नका.