घुमटाखालचे आकाश

लखनौचा आणि ताऱ्यांचा संबंध जुना आहे. अवधचा बादशहा नसीरुद्दीन हैदर याने १८३१ च्या सुमारास येथे वेधशाळेची उभारणी आरंभिली. लोकांच्या तोंडी ती ‘तारेवाली कोठी’ झाली. पुढे १८४९ साली वाजिद अली शाहच्या आज्ञेने तिचा कारभार थांबला आणि १८५७ च्या धामधुमीत तिची यंत्रे नाहीशी झाली. आज त्याच शहरातील सूरजकुंड उद्यानात, शनीसारखी कड्यांनी वेढलेली, इंदिरा गांधी तारांगणाची इमारत उभी आहे. वेधशाळा मूठभर जाणत्यांची होती. तारांगण मात्र आईचे बोट धरून आलेल्या मुलाचेही असते.

तारांगणाचा जन्मच मुळी एका संग्रहालयाच्या गरजेतून झाला. म्यूनिकच्या संग्रहालयाचे संस्थापक ऑस्कर फॉन मिलर यांना सामान्य प्रेक्षकास ग्रहताऱ्यांच्या गती दाखवावयाच्या होत्या. ताऱ्यांच्या जागी छिद्रे पाडलेला मोठा पोकळ गोल प्रेक्षकांभोवती फिरवावा, असा प्रथम विचार होता. झाइस कारखान्याच्या वाल्टर बाउअर्सफेल्ड यांनी १९१९ साली तो उलटा केला. घुमट स्थिर ठेवावा आणि मध्यभागी फिरणाऱ्या यंत्रातून त्यावर प्रकाशाचे तारे टाकावेत! १९२३ च्या ऑक्टोबरात म्यूनिकला हे कृत्रिम आकाश प्रथम दाखविण्यात आले. त्यात सुमारे ४,५०० तारे होते. आपल्याकडे १९५४ साली पुण्यात टिळक रस्त्यावरील न्यू इंग्लिश स्कूलमध्ये एक लहानसे तारांगण सुरू झाले; ते देशातील पहिले मानले जाते. मुंबईचे नेहरू तारांगण १९७७ सालचे.

घुमटाखाली दिवसभराचे आकाश काही मिनिटांत फिरते. पण त्याहून मोठी गोष्ट म्हणजे तेथे बसल्या जागी गाव बदलता येते. पुण्याहून लखनौस येऊन गोमती नगरात स्थायिक झालेल्या एखाद्या कुटुंबाची कल्पना करावी. ध्रुवाची क्षितिजापासूनची उंची साधारणतः त्या गावाच्या अक्षांशाइतकी असते. पुण्यास तो साडेअठरा अंशांवर दिसतो, लखनौस जवळजवळ सत्तावीस अंशांवर. उलट दक्षिणेचा तेजस्वी अगस्त्य पुण्यास एकोणीस अंशांपर्यंत चढतो. लखनौस मात्र जेमतेम दहा. हात लांब करून मूठ धरली तर तिची रुंदी सुमारे दहा अंश भरते. म्हणजे आजोबांच्या गावी दोन मुठी वर दिसणारा तारा नातवाच्या गावी एकाच मुठीवर येतो. पृथ्वी गोल आहे याचे याहून घरगुती प्रमाण कोणते?

हे प्रमाण घुमटाखाली समजते, पण पटते ते खऱ्या आकाशाखाली. फेब्रुवारीच्या मध्यास रात्री नऊच्या सुमारास अगस्त्य दक्षिणेस सर्वांत उंच असतो. गोमती नगराच्या गच्चीवरून तो दिसेलच असे नाही. क्षितिजालगतच्या त्या दहा अंशांतच धूळ, धुके, इमारती आणि रस्त्यावरच्या दिव्यांची पांढुरकी झळाळी असते. शहराने मुलांचे आकाश असे खालून वर झिजवीत आणले आहे. घुमटातले तारे पाहून ‘एवढे तारे खरेच असतात का?’ असे मूल विचारते, तेव्हा त्या प्रश्नात कौतुकाबरोबर एक नुकसानही बोलत असते.

म्हणून तारांगणास जाणाऱ्या कुटुंबाने दोन गोष्टी कराव्यात. खेळाच्या थोडे आधी पोचावे. अंधाराला डोळे सरावण्यास वेळ लागतो, आणि लहान मूल एकाएकी झालेल्या काळोखास भिते. दुसरी गोष्ट घरी परतल्यावरची. त्याच रात्री गच्चीवरचा दिवा मालवून ध्रुव शोधावा, मुठीने त्याची उंची मोजावी. सुमारे पावणेतीन मुठी भरल्या, की तिकिटाचे पैसे वसूल झाले. सुटीत पुण्यास गेल्यावर हीच मोजणी पुन्हा करावी. तेथे दोनच मुठी भरतील, आणि त्याही पुरत्या नाहीत.